कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी

सोमवार, २६ मे २०२५

सकाळी आठला ब्रिस्टल सोडलं. गाडीत मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा. त्याला शाळेची आठवड्याची सुट्टी, नवऱ्याला मात्र रजा नव्हती. मागच्या सीटवर मासे धरायचे दोन रॉड, एक हातजाळी, गमबूट आणि डब्यात थालीपिठं, शेंगदाण्याची चटणी. एक्सेटर मागे पडलं, अ‍ॅशबर्टनला हमरस्ता सोडला आणि रस्ता एकदम आपल्या कोकणातल्या आडगावच्या रस्त्यासारखा झाला. दोन्हीकडे झाडीचे उंच बांध, समोरून गाडी आली की एकाने मागे घ्यायची. डार्ट नदीवर दोन जुने दगडी पूल लागतात, दोन्ही एका गाडीपुरते. त्यातल्या एकाचं नाव न्यू ब्रिज, आणि तो पंधराव्या शतकातला आहे. पुढे चढ संपतो. गुरं-मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी पट्ट्या पुरलेल्या असतात. त्यांच्यावरून गाडी खडखडत गेली की डार्टमूर सुरू.

मूर म्हणजे काय ते महाडच्या काकांना सांगताना मी ‘सडा’ म्हणते. त्यांना लगेच कळतं. उंचावरचं उघडं, वाऱ्याचं माळरान, झाड क्वचित. फक्त इथे जांभ्याऐवजी ग्रॅनाइट आहे आणि त्याच्यावर पीट, म्हणजे हजारो वर्षं साचून कुजलेल्या शेवाळा-गवताचा काळा थर. तो स्पंजासारखा पाऊस पितो आणि हळूहळू सोडतो. साडेनऊशे चौरस किलोमीटरच्या या पठाराला १९५१ पासून राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे. डेव्हन परगण्यातल्या कितीतरी नद्या इथल्याच दलदलीत उगम पावतात. आम्हाला हवी होती डार्ट. तिच्या दोन शाखा, ईस्ट डार्ट आणि वेस्ट डार्ट, डार्टमीट नावाच्या ठिकाणी एकत्र येतात आणि तिथून ती डार्टमथला समुद्राला मिळते. आम्ही संगमाच्या वर, दोन्ही शाखांवर आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांवर चार दिवस राहणार होतो. ट्राउट नावाच्या माशासाठी.

पाण्याला पीटचाच रंग असतो. ओंजळीत घेतलं तर फिकट सोनेरी, दोन फुटांच्या डोहात कोऱ्या चहासारखं तांबूस, पुलाच्या सावलीत पार काळं. मला या रंगाचं वेड आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाणी गढूळ आहे असं वाटलं होतं. पण तळाचा खडा न् खडा दिसतो.

पोस्टब्रिजला खोली घेतली होती. गावातल्या दुकानात परवाना काढला. इथलं बरंचसं पाणी डची ऑफ कॉर्नवॉलच्या, म्हणजे युवराजाच्या जहागिरीच्या, मालकीचं आहे, त्यामुळे त्यांचा परवाना लागतो आणि त्याशिवाय सरकारी रॉड लायसन्स वेगळं. तेरा वर्षांखालच्यांना लायसन्स लागत नाही, म्हणून चिरंजीवांचं हे बिनलायसन्सचं शेवटचं वर्ष. हंगाम १५ मार्च ते ३० सप्टेंबर, आणि मासेमारी फक्त फ्लायने. गांडूळ नाही, कणीक नाही.

फ्लाय म्हणजे गळाला पिसं, लोकर, केस गुंडाळून केलेली खोटी माशी. माशी दाखवून मासा धरायचा! आपल्याकडे गळाला शिसं बांधून तो भिरकावतात. इथे माशीला वजनच नसतं, म्हणून वजन दोरीत ठेवलेलं असतं. जाड, गुळगुळीत दोरी हवेत मागे-पुढे उलगडायची, तिच्या टोकाला केसासारखा बारीक नायलॉन आणि त्याच्या टोकाला माशी. दोरी उलगडत जाते आणि माशी पाण्यावर अलगद टेकते. टेकली पाहिजे, आपटली नाही पाहिजे. हे मला आमच्या शेजारच्या आजोबांनी शिकवलं. इंग्रज गृहस्थ, वय सत्त्याहत्तर, गुडघे गेल्यामुळे आता नदीवर जात नाहीत. बागेत गवतावर बशी ठेवायचे आणि म्हणायचे, माशी बशीत पाड. दोन उन्हाळे मी ती बशी मारत होते.

संध्याकाळी पाचला गावातल्या जुन्या दगडी पुलाखाली उतरलो. हा पूल म्हणजे नुसत्या ग्रॅनाइटच्या लाद्या: खांब दगडाचे, वर आडव्या टाकलेल्या प्रचंड शिळा, एकेक चार मीटरहून लांब आणि आठ टनांच्या वर वजनाची. मध्ययुगात डार्टमूरच्या खाणींतलं कथील घोड्यांवर लादून बाजाराच्या गावांना न्यायचे, त्या काळचा हा पूल. चुना नाही, सिमेंट नाही, शिळा नुसत्या एकमेकींवर बसल्या आहेत.

यंदाचा वसंत इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. नदी हाडं दाखवत होती. दगडांच्या पाठी वर आलेल्या, पाणी मधल्या फटींतून सरकत होतं. मुलगा उड्या मारत काठावर गेला आणि डोहातून तीन-चार काळ्या रेघा सणकन वर निघून गेल्या. “आई, बघ! मासे!” होते. आता अर्धा तास तरी ते दिसणार नव्हते.

मला आमचा महाडकडचा पऱ्या, म्हणजे ओढा, आठवला. मी सात-आठ वर्षांची असेन. काळ नदीला मिळणाऱ्या त्या पऱ्यावर काका बांबूची काठी, गळ आणि पत्र्याच्या डब्यात गांडुळं घेऊन जायचे. मी धावत काठावर गेले की ते ओरडायचे नाहीत. खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवायचे. “आधी बस. मग पाणी बघ.” एवढंच. आणि खरंच, पाच मिनिटं बसलं की रिकामं दिसणारं पाणी भरून जायचं.

मी मुलाला हात धरून वीस पावलं खाली नेलं आणि तेच सांगितलं. बसलो. ट्राउट कायम प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, कारण त्याचं जेवण वरून वाहत येतं. म्हणून आपण खालून, त्याच्या शेपटीकडून यायचं आणि माशी त्याच्या पुढे वर टाकायची. त्याला मागचं दिसत नाही. पण आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभं राहिलेलं काहीही त्याला लगेच कळतं, मग ती रॉडची सावली का असेना. म्हणून या ओढ्यांवर अर्धी मासेमारी गुडघ्यांवर चालते. माझ्या पँटला गुडघ्याशी दोन ठिगळं आहेत ती त्याचीच.

सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. साडेआठला एका दगडामागच्या शांत पाण्यात एक लहानसं वर्तुळ उठलं. मग पुन्हा तिथेच. वरून माशी टाकली. ती दोन हात वाहत आली, तिसऱ्या हाताला पाणी फुटलं, मी मनगट उचललं आणि दोरीच्या टोकाला एक जिवंत थरथर.

सात इंच. वीतही पुरी नाही. हात आधी पाण्यात भिजवले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. पाण्यातच आडवा धरला. पाठ शेवाळी, कुशी ताज्या तुपाच्या रंगाच्या, त्यांवर काळे ठिपके आणि मधूनमधून कुंकवाचे लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक इवलासा मांसल पर, त्याची कड शेंदरी. मुलगा नाक पाण्याला लावून बघत होता. माझ्या गळाच्या टोकाशी उलटा काटा नसतो, गळ उलटा फिरवला की सुटतो. मासा माझ्या बोटांमध्ये दोन श्वास थांबला आणि गेला.

रात्री काकांना फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण ते जागेच होते. “अगं, मे महिन्यातच लागला की पाऊस! मुंबईत आज मान्सून आला म्हणून जाहीर केलंय. इतक्या लवकर मी तरी नाही पाहिला.” पऱ्याला पाणी आलं होतं आणि गावातली पोरं चढणीच्या माशांसाठी, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांसाठी, बॅटऱ्या घेऊन बाहेर पडली होती. “तुमच्याकडे काय?” इथे पाणी आटलंय म्हटल्यावर ते हसले. “थांब, पाठवतो इकडचा.”

मंगळवार, २७ मे

पाठवला. पहाटेपासून आडवा पाऊस. खिडकीतून समोरची टेकडी दिसेना. सकाळभर खोलीत बसून माशा बघितल्या.

शेजारच्या आजोबांनी निघताना त्यांची जुनी डबी दिली होती, अ‍ॅल्युमिनियमची, आत कप्पे. मुलाने ती पांढऱ्या टॉवेलवर उलटी केली. काळसर हिरव्या, चमकणाऱ्या अंगाचा एक भुंगा त्याने उचलला. “हे मोराचं आहे का?” मोराचंच. मोरपिसाच्या एकेका तंतूला इंग्रज मासेमार हर्ल म्हणतात. तो गळावर गुंडाळला की भुंग्याची पाठ जशी चमकते तशी चमकते. डार्टमूरवर मे-जूनमध्ये नेच्यांच्या झुडपांतले भुंगे वाऱ्याने ओढ्यात पडतात, तेव्हा ही माशी चालते. दुसरी एक मळकट गुलाबी-पिवळी, तिचं नाव टप्स इनडिस्पेन्सेबल. डेव्हनचीच. टप म्हणजे मेंढा, आणि तिच्या अंगाची मूळ लोकर मेंढ्याच्या वृषणावरची असायची, कारण तिला तसा रंग दुसरीकडे मिळत नाही. हे ऐकून मुलगा बराच वेळ हसत होता.

पण डबीच्या झाकणात टोचलेली एक मोठी माशी मी स्वतंत्र काढली. ती सॅमन माशासाठीची. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पीस, काळपट, आणि टोकाला पांढरा-पिवळा थेंब, जणू कोणी लाख वितळवून टिपका ठेवलाय. नखाने वाजवलं तर टक्‌ वाजेल इतका टणक. हे आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस. हा पक्षी सह्याद्रीत आहे, दक्षिणेतल्या डोंगरांत आहे, भारताबाहेर रानात कुठेच नाही. आमच्या गावामागच्या रानात पहाटे त्याची तुटक बांग ऐकत मी मोठी झाले. एकेकाळी ही पिसं पोत्यांनी इंग्लंडला यायची. भारताने निर्यात बंद केली आणि आता इथले लोक पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. बंदी आली ते उत्तमच झालं. तरी पावसाळी सकाळी पोस्टब्रिजच्या खोलीत ते पीस बोटांत धरल्यावर माझ्या घशाशी काहीतरी आलं. मुलाला ते पीस गालावर फिरवायला दिलं आणि त्याच्या आजोळच्या रानाबद्दल सांगत बसले.

दुपारी पाऊस ओसरला तसा पुलावर गेलो. कालची हाडकुळी नदी दोन फूट चढली होती, फेसाळ, काळी. मूरवरचे ओढे असे झटकन चढतात आणि तितक्याच झटकन उतरतात. “उद्या,” मी म्हटलं.

बुधवार, २८ मे

चेरी ब्रुक. चार दिवसांत मला सर्वांत प्रिय झालेलं पाणी, त्यामुळे त्याच्यावर जरा जास्त लिहिते.

पोस्टब्रिजहून टू ब्रिजेसकडे जाताना रस्ता एका छोट्या पुलावरून जातो. गाडीतून बघितलं तर खाली शेतातला पाट वाटेल. रुंदी काही ठिकाणी दीड मीटर, काही ठिकाणी मी पाय फाकून दोन्ही काठांवर उभी राहू शकते. हा ओढा सरळ जातच नाही. गवतातून नागासारखा वळत जातो, आणि प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ आतून पोखरलेला, वर हेदरची झुडपं ओठंगलेली. त्या पोकळीत मासे असतात. पुढे तो वेस्ट डार्टला मिळतो.

वरच्या अंगाला पावडरमिल्सचे अवशेष आहेत. १८४४ मध्ये इथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. खाणी आणि खदानींसाठी सुरुंगाची दारू बनायची, चाकं पाण्यावर फिरायची. इमारती मुद्दाम एकमेकींपासून लांब, भिंती जाड ग्रॅनाइटच्या, छपरं हलकी, म्हणजे स्फोट झाला तर तो वर निघून जावा. डायनामाइट आलं आणि शतक संपायच्या आत कारखाना बसला. आता दोन उंच धुराडी माळावर एकटी उभी आहेत आणि त्यांच्या पायाशी मेंढ्या चरतात. मुलाला ती फार आवडली. मला त्यांच्यापेक्षा वळणं दिसत होती.

पाणी उतरलं होतं, पण अजून किंचित रंग होता. अशा पाण्यात मासे धीट होतात. काल वाहून आलेलं खाणं तोंडाशी, शिवाय आपण त्यांना नीट दिसत नाही. सकाळी दहा ते एक या वेळात मला अकरा मासे लागले. सगळ्यात मोठा पावणेनऊ इंचांचा, सगळ्यात छोटा माझ्या मधल्या बोटाएवढा, आणि दोघांनीही माशीवर सारख्याच त्वेषाने झडप घातली होती.

लोक विचारतात, एवढ्याशा माशांसाठी एवढं कशाला? ब्रिस्टलजवळ ब्लॅगडन, च्यू व्हॅली असे मोठे तलाव आहेत, तिथे वाढवलेले ट्राउट सोडतात, किलोकिलोचे लागतात. मीही जाते कधीकधी. पण तिथला मासा कोणीतरी आणून ठेवलेला आहे. हा इथलाच. ग्रॅनाइट पाण्यात विरघळत नाही, पीटमुळे पाणी आंबट, चुना नाही, म्हणून किडे-अळ्या कमी. अन्न कमी म्हणून मासा छोटा राहतो. हॅम्पशायरच्या चुनखडीतल्या नद्यांत हीच जात, अगदी हीच, काही किलोंची होते. आणि याच डार्टमधली काही भावंडं इथली उपासमार सोडून सरळ समुद्रात उतरतात, तिथे खाऊन चांदीसारखी पांढरी होतात आणि मोठी होऊन परत येतात. डेव्हनचे लोक त्यांना पील म्हणतात. जी मागे राहतात ती अशी वीतभर, आणि मिळेल त्या थोड्यात जगून दर हिवाळ्याला खड्यांत अंडी घालतात. हातात धरलेल्या त्या सात इंचांत इथला दगड, इथला पाऊस सगळा उतरलेला असतो. मला ते किलोत मोजता येत नाही.

एका वळणावर काटेरी पिवळ्या गॉर्सचं झुडूप ओढ्यावर झुकलं होतं आणि त्याच्याखाली एक मासा नेमाने वर येत होता. वर फांद्या, मागे काठ, दोरी फिरवायला जागाच नाही. इथे धनुष्यबाण करायचा: माशी गळाच्या वाकावर चिमटीत धरायची, रॉड वाकेपर्यंत मागे ओढायची आणि सोडायची. मी पोटावर पडून सोडली. पहिल्यांदा गॉर्समध्ये अडकली, मासा गेला. माशी तशीच सोडून यायची नाही, एखाद्या मेंढीच्या ओठात जाईल, म्हणून काट्यांत हात घालून काढली. पुढच्या वळणावर पुन्हा तसाच मासा. या वेळी माशी फांदीखाली वीतभर आत जाऊन पडली, चार बोटं वाहिली आणि नाहीशी झाली. दिवसभराचा तो एक मासा मला पुरला असता.

मुलाला मात्र काही लागत नव्हतं. त्याची माशी पडत होती बरोबर, पण दोरी मधल्या धारेत अडकून माशीला ओढत होती. पाण्यावर रेघ उमटली की मासा येत नाही, कारण खरी माशी रेघ काढत नाही. “पाण्याच्या चालीने चालू दे तिला,” मी म्हटलं. तो चिडला होता. मी गप्प बसले आणि थालीपीठ काढलं. काकांनीही असंच केलं असतं.

खाऊन झाल्यावर तो एकटाच खालच्या वळणावर गेला. मी लांबून बघत होते. तो बसला. बराच वेळ बसला. मग गुडघ्यांवर सरकत पुढे गेला, रॉड उंच धरून, दोरी पाण्याला टेकू न देता नुसती माशी सोडली. आणि ओरडला.

मी पोहोचले तेव्हा मासा जाळीत होता, पाच इंचांचा, पण काहीतरी वेगळं होतं. अंग सडपातळ, शेपटी खोल दुभंगलेली, कुशीवर ओळीने निळसर बोटांचे ठसे, जणू कोणी शाईच्या बोटांनी धरला होता. पाठीवरच्या त्या मांसल पराला शेंदरी कड नाही, नुसता राखाडी. “हा ट्राउट नाही,” मी हळूच म्हटलं. “सॅमनचं पिल्लू आहे.”

त्याला माहीत होतं सॅमन काय ते. इथे जन्मतो, दोन-तीन वर्षं या ओढ्यांत काढतो, मग डार्टमथवरून समुद्रात, पार ग्रीनलंडच्या पाण्यापर्यंत. आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परत, तिचा वास ओळखून, उलट चढत. पण ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन आता फार कमी झालाय. २०२३ च्या डिसेंबरात त्याची नोंद धोक्यातल्या जातींत झाली. त्याचं पिल्लू लागलं तर लगेच सोडायचं, कायदाही तेच सांगतो. मुलाने जाळी पाण्याबाहेर काढलीच नाही. गळ सोडवताना त्याची बोटं थरथरत होती. “म्हणजे हा चढणीचा मासा होणार,” तो म्हणाला, मराठीत, आपणहून.

ते पिल्लू गेल्यावरही तो पाण्यात हात तसाच धरून बसला होता. नंतर, तीनच्या सुमाराला, त्याला त्याचा पहिला ट्राउट लागला, सहा इंचांचा. त्याचा फोटो आहे. पिल्लाचा काढला नाही.

रात्री माझ्या काकांना, म्हणजे त्याच्या आजोबांना, फोन त्यानेच केला. “खायला किती आणले?” “एकही नाही. सगळे सोडले.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, “वाळणकोंडासारखं म्हण की.” महाडजवळ काळ नदीत तो डोह आहे. तिथले खडस, म्हणजे महाशीर, देवीचे. त्यांना कोणी गळ लावत नाही. लोक खाऊ टाकतात आणि हाताएवढे मासे वर येतात. काकांनी गळ टाकून मरळ, वाम, शिंगटी, काय काय घरी आणलं असेल, पण कोंडाच्या बाजूला काठी घेऊन कधी गेले नाहीत. मला इतकी वर्षं त्यांना मासे सोडण्याचं नीट समजावता आलं नव्हतं. त्यांनीच ते एका शब्दात मिटवलं.

गुरुवार, २९ मे

ईस्ट डार्ट, पोस्टब्रिजहून वर धबधब्यापर्यंत आणि थोडं पुढे. चार-साडेचार किलोमीटर असेल, पण मूरवर किलोमीटरला अर्थ नाही. गवताच्या गाठी, मधे चिखल, पायवाट कधी असते कधी नाही. वाटेत कांस्ययुगातल्या घरांची दगडी वर्तुळं लागली, मधोमध एक घोडी आपलं शिंगरू घेऊन उभी. दरीत कोकीळ बोलत होता, इथला, कुक्‌-कू करणारा. पाण्यावर एक करडा धोबी शेपटी हलवत दगडांवरून पुढेपुढे. हिवाळ्यात घाटातल्या ओढ्यांवर येतो तोच पक्षी, पण तिकडे येणारे आशियाच्या उत्तरेकडून येतात. तरीही ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

हिरवागार, लोभस दिसणारा एक तुकडा मुलाने गवत समजून ओलांडायला घेतला आणि मांडीपर्यंत आत गेला. ते दलदलीतलं शेवाळ होतं. रॉड आडवी धरून त्याला ओढलं, गमबूट आत राहिला, तो दोघांनी मिळून उपसून काढला. सगळ्यात हिरवं ते सगळ्यात खोल, हे इथलं गणित. नवख्या माणसाने मूरवर जाताना पिवळ्या, वाळक्या गवतावरून चालावं आणि घरी आल्यावर पायांच्या घड्यांत गोचीड तपासावी.

धबधबा मागे टाकून आणखी वर गेलं की सँडी होल पास नावाच्या जागी दरी आवळते. जुन्या काळी कथील काढणाऱ्यांनी वाळू-खडी धुवायला जोर मिळावा म्हणून नदी दोन्हीकडून दगड रचून अरुंद केली. ते बांध अजून आहेत. त्यामुळे पाणी खोल आणि वेगवान. दरीच्या दोन्ही बाजूंना जे उंचवटे आणि खड्डे दिसतात तेही त्यांच्याच उपशाचे. इतकं ओसाड, इतकं निसर्गाचं वाटणारं हे पात्र माणसांनी फावड्यांनी उलटंपालटं केलेलं आहे, आणि तरी त्यात मासे आहेत. मी तिथे बराच वेळ बसले.

मग मागे धबधब्याशी आलो. त्याची उंची फारशी नाही. नदी ग्रॅनाइटच्या तिरक्या पायरीवरून एका अंगाने घसरते, खाली काळा डोह. दुपारी एकला धुकं उतरलं आणि पलीकडचा काठ पुसट झाला. फेस जिथे गोल फिरतो तिथे मोरपिसाचा भुंगा टाकला. पहिल्या दोन खेपांना काही नाही. तिसऱ्या खेपेला डोहाच्या तळातून एक सावली उठली, घाई न करता, आणि माशीच्या खाली बोटभर अंतरावर थांबली. तिच्याबरोबर वाहत मागे आली. मी डोक्याच्या आकारावरून सांगते, दहा-अकरा इंच होता, या पाण्यात म्हातारा म्हणावा असा. तोंड उघडलं. मी मनगट उचललं, अर्धा क्षण आधी.

माशी माझ्या टोपीला येऊन लागली. मासा आपल्या जागी गेला. मुलगा म्हणाला, “त्याने मिटायच्या आधीच ओढलंस.” बरोबर होतं.

त्या डोहात मी पुन्हा माशी टाकली नाही, त्यालाही टाकू दिली नाही. आम्ही दगडावर बसून चटणी-थालीपीठ संपवलं आणि धुकं विरण्याची वाट पाहिली. गेल्याच आठवड्यात, २१ मेला, इथल्या सर्वोच्च न्यायालयाने डार्टमूरच्या सामायिक माळावर तंबू टाकून राहण्याचा लोकांचा हक्क कायम केला. पाठीवर बिऱ्हाड घेऊन वर निघालेली एक जोडी धुक्यातून आली, राम राम झाला आणि धुक्यात गेली. पुढच्या वर्षी आम्हीही याच डोहाशी रात्र काढायची, असं मुलाने जाहीर केलं. मी हो म्हटलंय.

परतताना आम्ही मासे धरले नाहीत. नदी उजव्या हाताला ठेवून नुसते चाललो.

शुक्रवार, ३० मे

सकाळी खोली सोडायची होती. सामान भरताना मुलगा टेबलाशी काहीतरी करत होता. मी गाडी भरून आले तेव्हा त्याने डबीतला मोरपिसाचा भुंगा बुचाच्या तुकड्यात टोचून एका पाकिटात ठेवला होता. काल फोनवर काका म्हणाले होते, “एक माशी आण मला डिसेंबरात. पऱ्या तेव्हा आटलेला असेल, नदीच्या डोहात टाकून बघतो. मळ्ये मासे घेतात का पाहू.”

पाकिटावर त्याने पेन्सिलीने सूचना लिहिल्या होत्या. मराठी लिहायला तो कंटाळतो, ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं, पण अक्षर ठसठशीत होतं.

आजोबा, ही माशी आहे. खालून वर टाका. आधी बसायचं. मग पाणी बघायचं.